पाच गोळ्या की अकरा: माझं पहिलं पिस्तूल निवडताना

टेक्ससमध्ये आम्हाला एकोणीस वर्षं झाली. सॅन अँटोनिओच्या बाहेर गॅस स्टेशनला जोडलेलं एक छोटं दुकान आम्ही चालवतो. रात्री दहाला दुकान बंद झालं की दिवसभराची रोकड बँकेच्या रात्रपेटीत टाकायचं काम बारा वर्षं माझ्याकडे होतं. 9 फेब्रुवारी 2024 च्या रात्री एक गाडी दुकानापासून माझ्यामागे आली. मी बँकेत वळले, तीही वळली. मी पेटीपाशी न थांबता तशीच पुढे पोलीस ठाण्यापर्यंत गाडी नेली, तेव्हा ती दिसेनाशी झाली. तक्रार नोंदवली, पण नंबर नीट दिसला नव्हता, त्यामुळे पुढे काही झालं नाही.

मला काहीही झालं नव्हतं. तरी त्यानंतर दोन आठवडे दुकानाचं कुलूप लावताना माझ्या हातातून किल्ली निसटायची.

बंदूक ही गोष्ट माझ्या ओळखीची नव्हती. लहानपणी गावात बँकेच्या दाराशी बसलेल्या रखवालदाराची दुनळी पाहिली होती तेवढीच. नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं, "अगं, घरात अकरा वर्षांचं पोर आहे." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. आम्ही तीन-चार रात्री यावर बोललो आणि शेवटी एवढं ठरलं की आधी शिकायचं, परवाना काढायचा, आणि विकत घ्यायचं की नाही ते त्यानंतर बघायचं. हा क्रम आम्ही सोडला नाही याचं मला आजही बरं वाटतं.

पुढचं सांगण्याआधी एक महत्त्वाची गोष्ट. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून मला हे सगळं करता आलं. एच-वन-बी किंवा तत्सम व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानं बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण त्यात स्वतःच्या अंदाजानं पडू नका, वकिलाला विचारा. मित्राबरोबर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जाऊन हातात धरून बघणंसुद्धा "बाळगणं" ठरू शकतं. भारतातून आलेल्या आईवडिलांना किंवा भावाला मौज म्हणून रेंजवर नेणारे लोक मी पाहिलेत, म्हणून आधीच लिहिते.

दुसरा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल सोबत घेऊन फिरता येतं, मग परवाना कशाला? माझं कारण मुलाची शाळा. ती दुकानापासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे. शाळेपासून 1,000 फुटांच्या आत रस्त्यावर पिस्तूल घेऊन असणं हा संघराज्य कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला. शिवाय बऱ्याच शेजारी राज्यांत टेक्ससचा परवाना चालतो. आणि खरं सांगायचं तर, आपण बाहेरून आलेली माणसं. हातात कागद असलेला बरा.

24 फेब्रुवारीला पहिल्यांदा रेंजवर गेले. आधी जवळच्या एका दुकानात काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे बघितलं आणि न विचारता एक छोटं रिव्हॉल्व्हर पुढे सरकवलं. "बायका हेच नेतात. स्लाईड नाही, मॅगझिन नाही, फक्त चाप ओढायचा." (स्लाईड म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागे ओढायचा सरकता भाग; मॅगझिन म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी.) हातात घेतलं आणि मलाही ते आवडलं. जे-फ्रेम म्हणतात त्या घडणीचं, पाच गोळ्यांचं, पॉइंट थ्री एट स्पेशल नावाच्या गोळीचं. नळी दोन इंचांहूनही आखूड, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. घोडा आतच झाकलेला, त्यामुळे कपड्यात अडकत नाही. पर्समधल्या चष्म्याच्या डबीएवढंच ते वाटलं. त्याच दिवशी घेऊन टाकलं असतं, पण घरी ठरलेला क्रम आठवला.

रेंजवर मला शिकवायला साठीच्या पुढची एक बाई होती. तिनं पहिला तास गोळीच झाडू दिली नाही. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजायचं, नळी नको तिकडे वळू द्यायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही, आणि नेमाच्या मागे काय आहे ते माहीत असायला हवं. हे चार नियम तिनं माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतले की घरी भाजी चिरताना माझं पहिलं बोट सुरीच्या पात्याकडेला सरळ राहायला लागलं.

मग तिनं तेच छोटं रिव्हॉल्व्हर भाड्यानं आणून दिलं. पहिली गोळी झाडली आणि अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या बेचक्यात कुणी पट्टीनं फटका मारल्यासारखं झालं. हलकं हत्यार म्हणजे धक्का पचवायला त्याच्याकडे वजनच नाही, सगळा धक्का हाताला. चाप ओढायला बारा पौंडांच्या आसपास जोर लागतो, म्हणजे पाच किलोंहून जास्त, तोही एका बोटानं. ओढता ओढता नळी हलते. नेमाच्या दोन खुणांमधलं अंतर इतकं कमी की मनगट केसभर हललं तरी गोळी वीतभर बाजूला. सात यार्डांवरून पाचपैकी दोन गोळ्या कागदाला लागल्या.

त्यानंतर तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. माझ्याकडे पाठ करून तिनं रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांच्या फिरत्या चक्रात तीन खऱ्या आणि दोन खोट्या गोळ्या भरल्या, कुठली कुठे ते मला न सांगता. मी चाप ओढला. खोट्या गोळीवर घोडा पडला, "टिक" असा आवाज झाला, आणि गोळी नसतानाही माझा हात दाणकन खाली गेला. धक्का बसण्याच्या भीतीनं मी आधीच हात दाबत होते. तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा हात स्थिर राहिला तेव्हा तिनं फक्त माझ्या खांद्यावर थोपटलं. घरी येईपर्यंत बेचक्यातली कातडी लाल झाली होती. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना ती चुरचुरत होती.

"नव्या माणसाला सोपं म्हणून देतात," ती म्हणाली, "पण नीट मारायला याहून अवघड दुसरं काही नाही." वापरायला सोपं आणि मारायला सोपं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुस्तकातून कळलं नसतं.

मार्च महिन्यात चार शनिवार मी रेंजवर गेले. लेनचे 22 डॉलर आणि 15 डॉलर भाड्यात दिवसभर हवी ती पिस्तुलं बदलून घेता यायची. हे पैसे वाचवू नका. पाचशे डॉलरची चूक करण्यापेक्षा पंधरा डॉलर देऊन पाच हत्यारं हाताळून बघणं केव्हाही परवडतं. गोळ्यांचा खर्च मात्र धरून चला. पन्नासची पेटी नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळ्यांची मला 16 डॉलरला पडायची, रिव्हॉल्व्हरच्या थ्री एटला तीसच्या घरात. सराव ज्याचा महाग, त्याचा सराव कमी होतो.

नव्या पिढीची छोटी पिस्तुलं मी या काळात पाहिली. 2018 मध्ये सिग साऊरचं पी थ्री सिक्स्टी फाइव्ह आलं. त्यात मॅगझिनमध्ये दहा आणि नळीत एक अशा अकरा गोळ्या बसतात. पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आलं, अकरा अधिक एक. त्याआधी एवढ्या आकारात सहा-सातच गोळ्या मिळायच्या. रिव्हॉल्व्हरचं चक्र सर्वात जाड असतं, ही पिस्तुलं सपाट, साधारण एक इंच जाडीची. चाप ओढायला निम्म्याच्या आसपास जोर. सात यार्डांवरून पहिल्याच दिवशी माझ्या दहापैकी आठ गोळ्या कागदाच्या मधल्या भागात लागल्या.

मग अडचण कुठे आली? स्लाईडमध्ये. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. नऊ मिलिमीटरच्या छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते. स्लाईड मागे ओढायला गेले की अंगठा घसरायचा. बाईनं पद्धत बदलून दिली: पिस्तूल छातीजवळ घ्यायचं, डाव्या हाताची चारही बोटं स्लाईडवर वरून दाबून धरायची, आणि स्लाईड ओढण्याऐवजी उजव्या हातानं मूठ पुढे ढकलायची. नळी सतत टार्गेटकडेच. यानं बरंच जमलं, पण तिसाव्या गोळीनंतर पुन्हा हात थकायचा. मनगट सैल पडलं की रिकामं काडतूस नीट बाहेर न पडता अडकायचं. रिव्हॉल्व्हरमध्ये हा प्रश्नच नाही. गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची गोळी समोर येते.

रिव्हॉल्व्हरच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मला पटत होतं ते असं. झटापटीत हत्यार समोरच्याच्या अंगाला टेकलं तर पिस्तुलाची स्लाईड मागे ढकलली जाऊन ते झाडलंच जात नाही असं होऊ शकतं, रिव्हॉल्व्हर झाडलं जातं. कोटाच्या खिशात ते गोलसर असल्यानं उठून दिसत नाही. आणि बहुतेक प्रसंग पाच गोळ्यांच्या आतच संपतात, असं ते सांगतात. हे ऐकून मी बाईला विचारलं, "मग अकरा कशाला?" ती म्हणाली, "गोळ्या मोजू नकोस. पाचातल्या किती लागतात ते मोज." तेव्हापासून मी वहीत लिहायला लागले: तारीख, हत्यार, पन्नासपैकी किती आत. चार शनिवारांनंतर रिव्हॉल्व्हर 27, नऊ मिलिमीटर 38. शेवटच्या शनिवारी तिनं पॉइंट थ्री एटी एसीपीचं पिस्तूल पुढे केलं. ही गोळी रिव्हॉल्व्हरच्या थ्री एटहून वेगळी आणि नऊ मिलिमीटरहून कमजोर, म्हणून स्प्रिंगही मऊ. पन्नासपैकी 43. स्लाईड पहिल्या गोळीपासून पन्नासाव्या गोळीपर्यंत माझ्या हातानं ओढली गेली.

थ्री एटीला कमी ताकदीची म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ भेटले. त्यांचा मुद्दा खरा आहे. माझा अंगठाही खरा आहे.

परवान्याचा वर्ग पाडव्यानंतरच्या शनिवारी, 13 एप्रिलला होता. शुल्क 75 डॉलर. चार ते सहा तासांचा अभ्यासक्रम नियमानंच ठरलेला आहे: बळाच्या वापराचे कायदे, भांडण न वाढवता मिटवणं, हत्यार सुरक्षित हाताळणं आणि घरात मुलांपासून दूर ठेवणं. बावीस जण होतो, त्यात साडेतीन तास तर फक्त "कधी हात लावायचा नाही" यावरच गेले. लेखी परीक्षा सोपी वाटली, पण दुकानांच्या आणि इमारतींच्या दाराशी लावलेल्या पाट्यांचे नियम नीट वाचून जा. 30.06 या कलमाची पाटी म्हणजे परवाना असला तरी लपवून नेता येणार नाही, 30.07 म्हणजे उघड नेता येणार नाही. लाल अक्षरांतली 51 टक्क्यांची पाटी म्हणजे तिथलं मुख्य उत्पन्न जागेवर प्यायल्या जाणाऱ्या दारूचं, तिथे अजिबात नाही. शाळेच्या इमारतीत नाही, न्यायालयात नाही, मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रात नाही.

नेमबाजीच्या परीक्षेत पन्नास गोळ्या: तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस, पंधरा यार्डांवरून दहा. 250 गुणांपैकी 175 लागतात. ही परीक्षा तुम्ही पुढे जे बाळगणार त्याच हत्यारानं द्यायला हवी असं नाही. आमच्या वर्गात एक गृहस्थ हौसेनं खिशातलं छोटं रिव्हॉल्व्हर घेऊन आले होते, पंधरा यार्डांवर त्यांचे फार हाल झाले. मी बाईचं मोठं, जड पिस्तूल मागून घेतलं होतं. मला 219 मिळाले. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली.

सोमवारी, 15 एप्रिलला राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज भरला, शुल्क 40 डॉलर. गेल्या पाच वर्षांतले घरांचे पत्ते आधीच एका कागदावर काढून ठेवले होते, त्यामुळे अर्ज एका बैठकीत झाला. वर्गाचा दाखला, त्याला एलटीसी-100 म्हणतात, स्कॅन करून जोडला. 18 तारखेला ठरवून दिलेल्या केंद्रावर बोटांचे ठसे दिले, सुमारे दहा डॉलर.

आणि मग वाट बघणं. अर्ज पूर्ण झाल्यापासून 60 दिवसांच्या आत निर्णय यायला हवा. 6 मे रोजी पत्र आलं की ठसे वाचता आले नाहीत, पुन्हा द्या. मला वाटलं, आपल्या नावावर काहीतरी निघालं. दोन दिवस पोटात गोळा होता. कारण साधं होतं. दुकानात रोज ब्लीचनं लाद्या आणि कॉफीची भांडी धुऊन माझ्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत. दुसऱ्या वेळी जाण्याआधी तीन दिवस हातमोजे घालून कामं केली, रात्री खोबरेल लावलं, आणि जाताना हात कोरडे पुसून गेले. 9 मे रोजी दिलेले ठसे चालले. ज्यांचे हात पाण्यात, सिमेंटमध्ये किंवा रसायनांत असतात त्यांनी हे पहिल्याच वेळी करावं, माझे तीन आठवडे गेले.

17 जूनला टपालातून परवाना आला. वाहन परवान्यासारखंच प्लास्टिकचं कार्ड.

22 जूनला खरेदी. इथे 4473 नावाचा संघराज्य सरकारचा फॉर्म भरावा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांनी नागरिकत्वाचा देश लिहायचा आणि कार्डावरचा नंबर द्यायचा, म्हणून कार्ड बरोबर न्या. पत्ता ओळखपत्रावरच्या पत्त्याशी जुळला पाहिजे. गांजाबद्दलचा प्रश्न नीट वाचा. एखाद्या राज्यात तो चालत असला तरी या फॉर्मच्या दृष्टीनं तो बेकायदाच आहे, आणि चुकीचं उत्तर पुढे नागरिकत्वाच्या वेळी गळ्याशी येऊ शकतं. हत्यार स्वतःसाठीच घेताय ना, असाही प्रश्न असतो. दुसऱ्याच्या पैशानं, दुसऱ्यासाठी विकत घेणं हा गुन्हा आहे. टेक्ससचा परवाना असल्यामुळे दुकानदाराला पार्श्वभूमी तपासणीचा वेगळा फोन करावा लागला नाही, पाऊण तासात मी बाहेर होते.

घेतलं ते पी थ्री सिक्स्टी फाइव्हचंच थ्री एटी रूप, दहा अधिक एक. कर धरून 560 डॉलरच्या आसपास. काउंटरवरच्या माणसानं शेवटच्या क्षणीही रिव्हॉल्व्हर काढून दाखवलं. मी त्याला वही दाखवली. त्यानं आकडे वाचले आणि ते परत कपाटात ठेवलं.

त्यानंतर एक चूक केली. 25 डॉलरचं कापडी होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचं पिस्तुलाचं म्यान, घेतलं. आठवड्याभरात त्याचं तोंड मिटायला लागलं, म्हणजे पिस्तूल परत ठेवताना दुसऱ्या हातानं ते उघडावं लागायचं आणि कापडाची घडी चापाच्या जागेत शिरायची. ते त्याच दिवशी फेकलं. मग कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं, चाप पूर्ण झाकणारं 70 डॉलरचं घेतलं, आणि 60 डॉलरचा जाड पट्टा. पट्ट्याशिवाय होल्स्टर लोंबतं. पर्समध्ये ठेवायचं नाही हे बाईनं आधीच बजावलं होतं: पर्स हिसकावली जाते, खुर्चीवर विसरते, आणि पोरं त्यात खाऊ शोधतात. घरी पलंगाच्या बाजूला बोल्टनं बसवलेली, बटणांच्या क्रमानं उघडणारी तिजोरी, 140 डॉलर. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे. पण आम्ही ती कायद्यासाठी घेतली नाही. सगळं मिळून, रेंजचं भाडं आणि गोळ्या धरून, 1,300 डॉलरच्या वर गेले.

मुलाला नवऱ्यानंच सांगितलं. लपवलं नाही. तिजोरी कुठे आहे, तिला हात लावायचा नाही, मित्राच्या घरी बंदूक दिसली तर तिथून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं. त्यानं विचारलं, "आई, तू घाबरतेस का?" मी हो म्हणाले.

घेतल्यावर सहा आठवडे मी ते बाहेर नेलंच नाही. रोज रात्री दहा मिनिटं, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, दोनदा तपासून, रिकाम्या पिस्तुलानं सराव. कुर्त्याचा घेर डाव्या हातानं वर, मग मूठ. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याखाली पट्ट्याला लावलेलं ते दिसत नाही हे खरं, पण घेरदार अनारकलीतून हात पोचायला फार वेळ लागतो. आखूड कुर्ता आणि जीन्स, एवढंच माझं जमलं. साडी नेसते त्या दिवशी ते तिजोरीत असतं. 7 सप्टेंबरला मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात होता, तेव्हाही तिजोरीतच, आणि मुलाचा रविवारचा मराठी वर्ग शाळेत भरतो तेव्हाही. गाडीत ठेवून आत जाणं मला पटत नाही, गाड्या फुटतात.

ऑक्टोबरमध्ये रस्त्यात पोलिसानं गाडी थांबवली, मागचा दिवा गेला होता. पोलिसानं ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल जवळ असेल तर टेक्ससमध्ये वाहन परवाना आणि पिस्तुलाचा परवाना अशी दोन्ही कार्डं द्यावी लागतात. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मी आधी सांगितलं की माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे, आणि कार्ड पर्समध्ये आहे, काढू का? तो म्हणाला, तुम्ही तुमच्याला हात लावू नका, मी माझ्याला लावत नाही. दिवा बदलायला सांगून गेला. माझे पाय मात्र नंतर पाच मिनिटं थरथरत होते.

रोकड आता आम्ही सकाळी दहाला नेतो, वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या वाटेनं, आणि रात्री दुकान बंद करताना दोघं असतो. हे फेब्रुवारीतच सुचायला हवं होतं. त्याला एक डॉलर लागला नाही, आणि खरी भीती त्यानंच कमी झाली. पिस्तूल कमरेला असतं. महिन्यातून एक शनिवार रेंज, पन्नास गोळ्या, वहीत आकडा. गेल्या वेळी 46.

मंडळातल्या एकीनं परवा फोन केला. तिच्या नवऱ्यानं तिच्या वाढदिवसाला छोटं रिव्हॉल्व्हर बघून ठेवलंय, घेऊ का, म्हणत होती. तिचा हात माझ्याहून लहान आहे, पण अंगठा धड आहे. येत्या शनिवारी तिला घेऊन जाणार आहे. वही तिलाही एक नवी घेतलीय.